अंगावर पाजताना दूध नेमके कोठून येते, आणि बाळ सुरुवातीला नुसतेच का चोखते?

आपण विचारले आहे की दूध स्तनात पिशवीसारखे साठलेले असते का, आणि तसे असेल तर पहिल्या मिनिटात बाळाला गिळायला काहीच का मिळत नाही. मी बाळंतिणींना पाजायला शिकवण्याचे काम करते, त्यामुळे ही शंका मला वारंवार ऐकावी लागते. तिचे उत्तर आपल्या 'पान्हा' या शब्दातच आहे.

दूध तयार होते आणि राहतेही ते द्राक्षांच्या घडासारख्या सूक्ष्म दुग्धकोशांत. प्रत्येक कोशाभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचे जाळे असते. बाळ चोखू लागले की स्तनाग्रातील मज्जातंतू मेंदूला संदेश देतात, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते, या पेशी आवळल्या जातात आणि दूध नलिकांमध्ये ढकलले जाते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. यास साधारण मिनिटभर लागते. ऑक्सिटोसिन रक्तातून दोन्हीकडे पोहोचत असल्यामुळे एका बाजूला पाजताना दुसऱ्या बाजूने दूध गळते.

माझ्या पाठ्यपुस्तकातील आकृतीत स्तनाग्रामागे फुगीर दुग्धकुंड दाखवलेले होते. ही कल्पना सर ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यचिकित्सकांच्या १८४० च्या कामापर्यंत मागे जाते. त्यांनी मृत स्त्रियांच्या दुग्धनलिकांत मेण भरून त्या अभ्यासल्या होत्या. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दूध पाजणाऱ्या स्त्रियांची सोनोग्राफी केली, तेव्हा अशी कुंडे आढळलीच नाहीत. मुख्य नलिका जेमतेम २ मिलिमीटर रुंद होत्या, आणि पुस्तकातल्या १५ ते २० ऐवजी सरासरी ९ च होत्या. पान्हा आला की त्या रुंदावतात, तो ओसरला की न प्यायलेले दूध मागे सरकते. एका पाजण्यात पान्हा अनेकदा येतो, आईला मात्र बहुधा पहिलाच जाणवतो.

म्हणूनच पाजून झाल्यावर स्तन मऊ लागला म्हणजे दूध संपले, ही समजूत मला फार सलते, कारण तिच्यापायी कितीतरी घरांत विनाकारण वरचे दूध सुरू होते. बाळ उपलब्ध दुधापैकी सरासरी दोन तृतीयांशच पिते आणि निर्मिती तर चालूच असते. वेदना व धास्ती यांनी मात्र पान्हा काही काळ अडू शकतो. तेव्हा पहिल्या मिनिटात बाळाला ओढून काढू नका. त्याच्या तोंडात केवळ बोंड नव्हे, तर भोवतीचा काळसर भागही पुरेसा गेला आहे का, एवढे पाहा, आणि गिळण्याचा आवाज येईपर्यंत थांबा.