शांत वर्षं मोज

प्रिय,

तुझी मेल दोनदा वाचली. तू लिहितेस: ‘सहा वर्षांच्या उपग्रह-प्रतिमा तपासल्या, हिमनदी काहीच करत नाही, विषय बदलू का?’

काहीच करत नाही? अगं, ती भरतेय! वरच्या अंगाला बर्फ साचतोय, खालचं टोक, म्हणजे जीभ, झिजतेय, उतार वर्षागणिक चढा होतोय. मग कधीतरी तळाच्या पाण्याची वाट कोंडते, दाब चढतो आणि उधाण येतं, म्हणजे हिमनदी एकाएकी धावत सुटते. उधाण वर्ष-दोन वर्षांचं, भरणं दशकांचं. शांत वर्षं मोज.

अलास्कातली व्हेरिगेटेड हिमनदी घे. १९७३ पासून लोक तिथे मोजत होते. उधाण आलं १९८२ मध्ये. जून १९८३ मध्ये बर्फ दिवसाला ६५ मीटरपर्यंत धावला, जुलैच्या सुरुवातीला तळाचं पाणी लोंढ्याने बाहेर पडलं आणि वेग एकदम उतरला. ही गोष्ट उलगडली ती आधीची नऊ वर्षं वहीत होती म्हणून. पुढे आणखी एक कळलं: दोन उधाणांमधली वर्षं कमी-जास्त होतात, पण वर साठावा लागणारा बर्फ जवळपास तेवढाच असतो. म्हणजे कॅलेंडर बघू नकोस, साठा बघ. काराकोरममधल्या खुर्दोपिन हिमनदीच्या उधाणांच्या १९७९, १९९९, २०१७ या सालांवरून तू ‘वीस वर्षांचं चक्र’ लिहिलंयस, ते खोडून टाक. तीन सालांनी चक्र ठरत नाही. आणि मधल्या वर्षांत काय झालं, ते कुठेय?

रागावतोय, कारण हे मी केलेलं आहे. बर्फ किती झिजला ते कळावं म्हणून चार उन्हाळे बर्फात बांबूच्या खुंट्या रोवल्या. दर दहा सेंटिमीटरला लाल रंगाची खूण. सकाळी बोटं बधिर असायची, पेन्सिल धरवत नसे, तरी एकेक खूण मोजायची. पाचव्या वर्षी पैसे थांबले. ‘तिथे काही घडत नाही,’ असं सांगण्यात आलं आणि मी गप्प बसलो. नोकरी कंत्राटी होती, घरी आई अंथरुणाला खिळलेली. भांडायला कुठून बळ आणणार होतो? तरी एक उन्हाळा पदरमोड करून जाता आलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पुढे अकरा वर्षांनी ती हिमनदी धावली, आणि त्या अकरा वर्षांचा एक आकडा माझ्याकडे नाही.

वह्या कुरिअरने पाठवतोय. पाचव्या वहीचं पहिलं पान बघ: खुंट्यांचे क्रमांक लिहिलेत, पुढचे रकाने कोरे.

आणि या शरद ऋतूतल्या प्रतिमा हाती आल्या की वरच्या भागाची उंची आधी काढ, वेग नंतर. आकडे मला पाठव.

तुझा,
सर