विल्यम्स ही एफ-वन टीम एवढी खाली कशी गेली? आणि कॉलेजच्या टीमने त्यातून काय घ्यावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एकेकाळी सगळ्यांना धूळ चारणारी विल्यम्स पार तळाला कशी पोचली, आणि तुमच्या कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंग गाडी बनवून पळवायची स्पर्धा) टीमला त्यातून काही घेण्यासारखं आहे का. मी चाकणला प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये काम करतो, त्यामुळे पहिल्यापेक्षा दुसऱ्यावर जास्त बोलणार. आधीच सांगून ठेवतो.

लोक तीन कारणं सांगतात: ड्रायव्हर आयर्टन सेना गेला, गाडीचा डिझायनर एड्रियन न्यूई गेला, पैसा संपला.

सेनाचं आधी निकालात काढू. १ मे १९९४ला इमोलाला तो गेला, आणि त्याच वर्षीचं कन्स्ट्रक्टर्स (म्हणजे टीमचं) विजेतेपद विल्यम्सनेच घेतलं. १९९६ आणि १९९७लाही घेतलं. १९८० ते १९९७ मिळून नऊ कन्स्ट्रक्टर्स आणि सात ड्रायव्हर्सची विजेतेपदं. टीमचा मालक फ्रँक विल्यम्स ड्रायव्हरला पगारी नोकर समजायचा. १९९२चा विजेता मॅन्सेल पुढच्या वर्षी टीममध्ये नव्हता, १९९६ला हिल जिंकत होता तेव्हाच त्याच्या जागी दुसरा ठरलेला होता. तरी गाडी जिंकत राहिली. ड्रायव्हर गेल्याने ही टीम कधी बुडाली नाही.

न्यूईचं कारण जास्त वजनदार आहे. एफडब्ल्यू १४ बी ही १९९२ची गाडी. बाहेरचा आकार न्यूईचा, मागे रेनोचं व्ही-टेन इंजिन, आणि स्प्रिंगच्या जागी संगणकाच्या हुकमाने चालणारे हायड्रॉलिक ॲक्चुएटर. ब्रेक मारला तरी नाक खाली जात नाही, वळणात गाडी कलत नाही, त्यामुळे जमिनीपासूनची उंची आणि पर्यायाने डाउनफोर्स (हवेने गाडी खाली दाबणारा जोर) जवळपास स्थिर. मॅन्सेलने १६पैकी ९ शर्यती मारल्या. १९९४ला या ॲक्टिव्ह सस्पेन्शनवर बंदी आली तरी टीम सावरली, कारण माणसं तीच होती. न्यूईला टेक्निकल डायरेक्टरचं पद आणि कंपनीत हिस्सा हवा होता. फ्रँक विल्यम्स आणि त्याचा भागीदार पॅट्रिक हेडने दिला नाही. १९९६च्या शेवटी तो निघाला, १९९८ला मॅक्लॅरेन विजेती. पुढे २०१७ला पॅडी लो चीफ टेक्निकल ऑफिसर म्हणून परत आला तेव्हा त्याला हिस्सा दिला गेला. वीस वर्षं उशिरा आणि चुकीच्या वेळी, असं माझं मत.

पण न्यूई गेल्यावरही ही टीम मेली नव्हती, हे विसरू नका. बीएमडब्ल्यूचं इंजिन असताना २००३ला १४४ गुण करून विल्यम्स दुसरी आली, फेरारीचे १५८. मग बीएमडब्ल्यूला टीमच विकत हवी होती, फ्रँकने नाही म्हटलं, त्यांनी सॉबर ही दुसरी टीम घेतली. २००६ला कॉसवर्थ इंजिनावर विल्यम्सचे ११ गुण. कारखान्याचं फुकट इंजिन आणि त्यामागचा पैसा एका झटक्यात गेला. २०१२ला बार्सिलोनात माल्डोनाडो जिंकला तो आजवरचा शेवटचा विजय.

आता पैसा. हे कारण ऐकलं की माझं डोकं फिरतं. २०१४ ते २०१७ या काळात विल्यम्स आणि फोर्स इंडिया, दोघांकडे मर्सिडीजचंच पॉवर युनिट, म्हणजे इंजिन आणि त्याची विजेची जोड. २०१४ला विल्यम्स ३२० गुणांनी तिसरी. त्या वर्षी ते युनिट इतकं पुढे होतं की सरळ रस्त्यावर गाडी आपोआप भारी दिसायची. बाकीच्यांची इंजिनं सुधारत गेली तसं उघडं पडत गेलं. २०१६: फोर्स इंडिया १७३, विल्यम्स १३८. २०१७: १८७ विरुद्ध ८३. मल्ल्यांची टीम, पैसे मागणारे दारात, २०१८च्या जुलैत ती प्रशासकाच्या ताब्यात गेली, माणसंही विल्यम्सपेक्षा कमी. तरी ती पुढे. एक फरक बघा: फोर्स इंडिया गिअरबॉक्स मर्सिडीजकडून विकत घ्यायची. विल्यम्स स्वतः बनवायची, कारण ‘आम्ही कन्स्ट्रक्टर आहोत’. तो बाणा २०२२ला सोडला आणि गिअरबॉक्स, हायड्रॉलिक्स मर्सिडीजचे घेतले. मधल्या काळात किती माणसं आणि किती मशीन-तास त्या एका केसिंगमागे गेले असतील याचा हिशोब करा. २०११च्या गाडीचा गिअरबॉक्स इतका बुटका केला होता की वरचा विशबोन (चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) टेकवायला मागच्या विंगच्या खांबाचा आधार घ्यावा लागला. इंजिनिअरिंग म्हणून सुंदर. मोसमाचे गुण ५.

मग २०१८: ७ गुण. सिल्वरस्टोनला क्वालिफायिंगमध्ये (शर्यतीतली जागा ठरवणारी फेरी) डीआरएसची, म्हणजे सरळ रस्त्यावर हवेचा विरोध कमी करायला उघडणारी मागच्या विंगची, फळी बंद झाल्यावर फ्लोअरखालची हवा परत चिकटेना आणि दोन्ही गाड्या गरकन फिरल्या. जुनी विंग लावून दोघांना पिट लेनमधून सुरुवात करावी लागली. हा एरोचा, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या डिझाइनचा, दोष, मान्य. पण २०१९ एरोच्या माथी मारता येत नाही. १८ फेब्रुवारीला बार्सिलोनात मोसमाआधीची टेस्ट सुरू, आणि विल्यम्सकडे गाडीच नाही. बुधवारी पहाटे ती पोचली, दुपारनंतर ट्रॅकवर आली. आठ दिवसांच्या टेस्टमधले अडीच गेले. वर आरसे आणि पुढच्या सस्पेन्शनचे काही भाग नियमात बसेनात म्हणून मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीआधी बदलायला लागले. त्या वर्षी गुण १, तोही हॉकेनहाइमला पुढे असलेल्या दोन्ही अल्फा रोमिओ गाड्यांना दंड झाल्यामुळे विल्यम्सच्या कुबिकाला मिळालेला. ज्या पॅडी लोने १९९२च्या ॲक्टिव्ह सस्पेन्शनवर काम केलं होतं, तोच या गाडीचा तांत्रिक प्रमुख होता. त्याची अक्कल तर कुठे गेली नव्हती.

याचं उत्तर बऱ्याच उशिरा बाहेर आलं. २०२०ला टीम डोरिल्टन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकली गेली. २०२३ला मर्सिडीजमधून जेम्स वाउल्स टीम प्रिन्सिपल म्हणून आला आणि वर्षभराने त्याने उघड बोलून दाखवलं: गाडीच्या सुमारे २०,००० पार्टची यादी एका एक्सेल फाइलमध्ये होती. कुठला पार्ट कुठे आहे, किती दिवस लागणार, किंमत काय, तपासणी झाली का, हे त्यात सापडायचं नाही. नुसत्या पुढच्या विंगचे ४००च्या आसपास तुकडे असतात.

एफ-वन बघणारे हे वाचून हसले. प्लॅनिंगमध्ये बसलेला माणूस हसत नाही. एक विंग कशी अडते ते बघा. एरोवाले शक्य तितक्या उशिरा आकार सोडतात, कारण विंड टनेलमध्ये रोज थोडं सापडत असतं. मग स्ट्रेस (ताकदीचा हिशोब), ड्रॉइंग, पॅटर्न, मोल्ड, प्रीप्रेगचा (राळ भरलेल्या कार्बनच्या कापडाचा) लेअप म्हणजे थर लावणं, ऑटोक्लेव्ह (दाबाखाली भाजायची भट्टी), ट्रिमिंग, धातूचे इन्सर्ट (बोल्टसाठी बसवायचे तुकडे) घालून बाँडिंग म्हणजे चिकटवणं, एनडीटी (न तोडता आतली तपासणी), लोड टेस्ट. समजा एका इन्सर्टचं ड्रॉइंग रिव्हिजन बदललं आणि फाइलमध्ये जुनंच राहिलं. मशीन शॉपने जुन्या ड्रॉइंगने वीस नग काढले. बाँडिंगच्या टेबलावर येईपर्यंत कोणाला पत्ता नाही. तिथे भोक जुळत नाही. आता इन्सर्ट परत करायचा, म्हणजे मशीनवर आधी लावलेलं दुसरं काम उतरवायचं. तोवर विंगच्या पुढच्या भागासाठी फ्रीझरमधून काढलेलं प्रीप्रेग बाहेर पडून आहे, त्याची बाहेर राहायची मुदत संपत चालली आहे. ऑटोक्लेव्हची पाळी दुसऱ्या पार्टला गेली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक जॉबकार्डवर ‘अर्जंट’चा शिक्का. मांडवात सगळ्याच वरमाया झाल्या तर वाढायचं कोणी?

याचा पुढचा परिणाम वजनावर होतो. वेळ संपला की कार्बनचा ब्रॅकेट धातूचा करतात, कारण धातूचा दोन दिवसांत होतो. २०२४ला किमान वजन ७९८ किलो होतं आणि विल्यम्स त्याच्या बरीच वर होती. ढोबळ हिशोब असा की १० किलोला लॅपमागे ०.३ सेकंद. मधल्या फळीत एवढ्या वेळात पाच-सहा गाड्या बसतात. आणि सुट्या भागांचं काय झालं तेही त्याच वर्षी दिसलं: मेलबर्नला शुक्रवारी विल्यम्सच्या आल्बनने गाडी ठोकली, चॅसी (गाडीचा मूळ सांगाडा) निकामी झाली, तिसरी चॅसी तयारच नव्हती. टीमचा दुसरा ड्रायव्हर सार्जंट, त्याची धडधाकट गाडी काढून आल्बनला दिली, सार्जंट शर्यतीबाहेर. आल्बन अकरावा. म्हणजे एका ड्रायव्हरला बाहेर बसवूनही गुण शून्य.

आता तुमच्याकडे येतो. तुमच्या गाडीत नटबोल्ट धरून हजारभर ओळी होतील. एवढ्याला एक्सेल चालतं, महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका. पण फाइल एकाच्या ताब्यात, बाकीच्यांना फक्त वाचायला. प्रत्येक ओळीत पार्ट नंबर, रिव्हिजन, मटेरियल, स्वतः करायचं की बाहेरून, व्हेंडर, किती दिवस, गाडीवर किती, स्पेअर किती, कॅडमधलं (संगणकावरच्या डिझाइनमधलं) वजन, काट्यावरचं वजन, आणि तपासणाऱ्याची सही. काट्यावरचं वजन पार्ट हातात येईल त्या दिवशीच घ्यायचं. गाडी जोडून झाल्यावर ‘१५ किलो कुठून आले?’ असं विचारण्यात अर्थ नसतो.

फॉर्म्युला भारत, म्हणजे तुमची स्पर्धा, जानेवारीत, कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर. तिथून उलटे मोजा. गाडी निदान सहा आठवडे पळाली पाहिजे, म्हणजे ती नोव्हेंबरअखेर स्वतःच्या चाकांवर उभी हवी. मध्ये दिवाळी येते. भोसरीतली छोटी सीएनसी शॉप तेव्हा आठवडाभर बंद, ऑपरेटर गावाला जातात आणि परत यायला वेळ लावतात. अपराइट (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) आणि हबचं (चाक ज्यावर बसतं त्याचं) काम दसऱ्याच्या आत मशीनवर चढलं नाही तर ते डिसेंबरमध्येच मिळणार असं धरून चाला. सस्पेन्शनचे पॉइंट चॅसीचा जिग (वेल्डिंग करताना भाग जागेवर धरणारा साचा) बनवायच्या आधी गोठवा. नंतर कोणी ‘फक्त ४ मिलिमीटर’ म्हणत आला तर त्याला हाकलून द्या.

अपराइटला हार्ड ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर कडक ऑक्साइडचा थर) करणार असाल तर बेअरिंगच्या भोकाचं ड्रॉइंगवर लिहा. ५० मायक्रॉनचा थर दिला तर त्यातला साधारण निम्मा बाहेर वाढतो, दोन्ही बाजूंनी मिळून भोकाचा व्यास सुमारे ५० मायक्रॉनने घटतो. बेअरिंग बसत नाही, मग कोणीतरी ते ठोकून बसवतो, आणि दोन दिवसांत बेअरिंग आवाज करायला लागतं. भोक मास्क करायला सांगा किंवा तेवढं मोठं ठेवा.

स्पेअर: पुढचे ए-आर्म (म्हणजेच विशबोन) डावे-उजवे एकेक जोडी, दोन्ही टाय रॉड (स्टिअरिंगचे दांडे), प्रत्येक मापाचे चार रॉड-एंड (दांड्याच्या टोकाचे फिरते सांधे), एक हब, चेन, ब्रेक पॅड, मास्टर सिलिंडरचं सील किट. आणि ए-आर्मचा वेल्डिंग जिग इव्हेंट होईपर्यंत मोडू नका. जागा अडते म्हणून तोच आधी भंगारात जातो.

‘डिझाइन भारी असलं की बाकी होतं’ हे वाक्य मी कारखान्यात इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचा कंटाळा येतो. यादी ठेवणाऱ्याला कारकून म्हणायचं आणि गाडी उशिरा आली की त्याच्याच नावाने खडे फोडायचे, ही रीत सगळीकडे आहे. २०१९चा तो फेब्रुवारी त्या सगळ्यांना दाखवा.

आता थोडं सावरून. पैशाचं म्हणणं अगदीच फोल नाही. नवी सिस्टिम, नवी मशीन यांना पैसा लागतोच, आणि २०२१ला खर्चाची मर्यादा आल्यावर भांडवली खर्चावरही लगाम आला, त्यामुळे मागे पडलेल्याला एकदम उडी मारता येत नाही. शिवाय मी हे सगळं बाहेरून बघून लिहितोय. २०२५ला विल्यम्स १३७ गुणांनी पाचवी आली, तिचा ड्रायव्हर साइन्झ बाकू आणि कतारला तिसरा. परत विजेती होईल का, ते मला विचारू नका.

आणि ती यादीची फाइल टीममधल्या सगळ्यात हुशार डिझायनरकडे देऊ नका. तो रात्री दोनला रॉड-एंडचं माप बदलतो आणि कोणाला न सांगता झोपी जातो.