पवनचक्की, बुजवलेला ओढा आणि उरलेले दोन महिने

प्रश्न : पाटण तालुक्यात पठारावर आमची वस्ती आहे. घरापासून ३०० मीटरवर नव्या पवनचक्कीचा पाया खणतायत. क्रेनसाठी रस्ता करताना चार महिन्यांपूर्वी आमच्या रानाकडचा ओढा मुरुमाने बुजवला. ग्रामपंचायतीने ना-हरकत दिलीय. काम थांबेल का?

उत्तर : ताई, सगळं कामच थांबेल या भरवशावर राहू नका. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यातल्या (Specific Relief Act) २०१८ च्या दुरुस्तीपासून पायाभूत प्रकल्प रखडेल असा मनाई हुकूम दिवाणी कोर्टाला देता येत नाही, आणि त्या यादीत वीजनिर्मिती आहे. जनसुनावणी का झाली नाही, असंही गावात विचारत असतील. पवनचक्कीला २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरीच लागत नाही, मग सुनावणी कुठली! मला हे पटत नाही, पण नियम तसा आहे.

ओढ्याचं मात्र वेगळं. शेताला लागून वाहणारं नैसर्गिक पाणी कुणी कायदेशीर अधिकाराशिवाय अडवलं, तर मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. ग्रामपंचायतीच्या ना-हरकतीने ओढा बुजवायचा हक्क मिळत नाही. कंपनी परवानगी असल्याचं म्हणाली तर कागद मागा. दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत लावावा लागतो. तुमचे चार गेले. कंपनीचा एजंट घरी येऊन 'मुरूम काढून देतो, कोर्ट कशाला' म्हणेल. त्याला चहा पाजा, पण त्याच्या शब्दावर थांबू नका. पावसाळ्यात ओढा कुठून वाहायचा हे शेजाऱ्यांकडून लिहून घ्या, फोटो काढा, तलाठ्याकडे पंचनाम्याचा अर्ज द्या.

अंतराचा मुद्दाही सोडू नका. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की नको असं म्हटलंय. कायद्याइतकं बळ त्यात नाही, तरी जिल्हाधिकारी आणि महाऊर्जाकडे (राज्याची अपारंपरिक ऊर्जा संस्था) तक्रार करताना ते अंतर लेखी मांडा. नुसतं 'अंदाजे' लिहू नका, मोजून घ्या.

आवाजाचं पाती फिरायला लागल्यावर बघू. निवासी भागात रात्री १० ते ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती ओलांडली तर पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात जाता येतं, पण तिथेही मुदत सहा महिन्यांचीच.

तहसील कार्यालयात जाताना सातबारा आणि फेरफार न्या, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का-तारीख घेतल्याशिवाय उठू नका.