हप्ता लातूरला, लेकीचं मन हिरोशिमाला

पत्र: मॅडम, आमची मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. बोर्डाला ८१ टक्के, नीटला ४१२. एक वर्ष थांबून पुन्हा नीट दिली तर जमेल असं सगळे म्हणतात. पण तिच्या डोक्यात भलतंच शिरलंय. २०२५च्या मे महिन्यात लढाईच्या बातम्या चालू होत्या, रत्नागिरीत भोंगे वाजवून सराव झाला. आम्ही खळ्यात आंब्याच्या पेट्या भरत होतो, तर ही विचारते, बाबा, अणुबॉम्ब वाशीवर पडला तर? तेव्हापासून हिरोशिमा, अण्वस्त्रबंदी, शांतता परिषदा हेच वाचत असते. म्हणते, मला हेच काम करायचंय. असलं काम असतं का? उद्या लोक देशाच्या विरोधात आहे म्हणतील. मी स्वतः जैतापूर अणुप्रकल्पाविरुद्धच्या २०११च्या आंदोलनात होतो, गुन्ह्यात नाव आलं, पुढे कितीतरी वर्षं कोर्टाच्या तारखा केल्या. मुलीनं अणूच्या वाटेला जाऊ नये एवढीच इच्छा. लातूरच्या क्लासचा पहिला हप्ता भरलाय, तिला अजून बोललो नाही. तुम्ही फोन करून तिला जरा समजवा. – एक पालक, राजापूर तालुका

उत्तर:

नमस्कार भाऊ,

फोन करणार नाही. ‘समजवा’ हा शब्द माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांत असतो आणि त्याचा अर्थ ‘आमचं म्हणणं तुमच्या तोंडून वदवा’ एवढाच असतो. ते काम मी घेत नाही.

४१२ गुणांचं मला काही वाटलं नाही. नीट पुन्हा देता येते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी अडखळले ते हप्त्याच्या ओळीवर. अठरा वर्षांच्या मुलीचं पुढचं सबंध वर्ष तुम्ही लातूरला नेऊन ठेवलंत आणि तिलाच पत्ता नाही. नवं कलम लावताना मुळाभोवतीची मातीची हुंडी फुटू नये म्हणून तुम्ही किती जपता! पाऊस किती पडलाय बघता, खड्डा आधी तापू देता. आणि लेकीला मात्र एक दिवस उचलून एसटीत बसवायचं? नीटच्या दुसऱ्या प्रयत्नात पहिल्यापेक्षा कमी गुण आणणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेकांच्या घरी हप्ता आधी भरलेला होता आणि विचारणं नंतर झालं होतं.

दुसरी ओळ कोर्टाची. ती तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण सगळं पत्र तिच्यावरच उभं आहे. २०११ साली तुमची लेक तीनेक वर्षांची असेल. मोहोरावर फवारणी चालू असताना काम टाकून निघायचं, वकिलाचे पैसे जुळवायचे, दिवसभर व्हरांड्यात बसायचं आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन यायचं. हे तिनं लहानपणी पाहिलंय. बाबा कशासाठी जात होते हे तिला कुणी नीट बसवून सांगितलंय का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. ज्यानं हे सोसलं त्याच्या पोटात ‘चळवळ’ म्हटल्यावर गोळा येणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तिला तुम्ही हे सांगत नाही, तुम्ही सांगता नीट. तिला दिसतं ते एवढंच की बाबांना माझं वाचन आवडत नाही. मग ती आणखी वाचते. भीतीची गोष्ट भीती म्हणून सांगितली असती तर ऐकून तरी घेतली असती.

(पत्रात तिच्या आईचं मत कुठेच नाही. विसरलात की विचारलंच नाहीत?)

आता ‘अणूच्या वाटेला’ याबद्दल, कारण इथे तुमची खरी गल्लत आहे. आपल्या तालुक्यात ती होणं साहजिक आहे म्हणा. माडबनला ठरलेला जैतापूरचा प्रकल्प विजेचा: फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १,६५० मेगावॉटची. तिथला वाद जमिनीचा, मासेमारीचा, भूकंपाचा, किरणोत्साराचा. तुमची लेक वाचते तो प्रश्न नऊ देशांकडे मिळून असलेल्या सुमारे १२ हजार अण्वस्त्रांचा आहे. अशा भट्टीच्या इंधनात युरेनियम-२३५, म्हणजे युरेनियमचा फुटणारा भाग, तीन ते पाच टक्के असतं, बॉम्बसाठी ते नव्वदच्या आसपास न्यावं लागतं. म्हणून भट्टीत अपघात होऊ शकतो, पण ती बॉम्बसारखी फुटत नाही. मात्र तीन टक्क्यांवर नेणारी यंत्रं नव्वदवरही नेऊ शकतात, आणि जळलेल्या इंधनातून बॉम्बला चालणारं प्लुटोनियम काढता येतं, म्हणून मधे पहारा लागतो. व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९५७ पासून आहे आणि हा पहारा तिच्याकडे आहे. तिचे निरीक्षक भट्टीत जाऊन सील तपासतात, कॅमेऱ्यांची नोंद बघतात, इंधनाचा हिशेब जुळवतात. अणुवीज हवी आणि बॉम्ब नको म्हणणारे लोक जगात भरपूर आहेत, दोन्ही नको म्हणणारेही आहेत. तुमची लेक यांपैकी कुणाच्या बाजूची आहे, हे तुम्ही तिला विचारलंत का? तुम्ही आपली २०११ची केस उचलून तिच्या नावावर चढवून टाकलीत.

देशाच्या विरोधात म्हणतील, ही भीतीही मला पोकळ वाटते. ९ जून १९८८ला संयुक्त राष्ट्रांत उभं राहून अण्वस्त्रं टप्प्याटप्प्यानं संपवण्याचा आराखडा मांडला तो भारताच्या पंतप्रधानांनी, राजीव गांधींनी. १९९६ साली जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत अणुचाचणीबंदीचा करार भारताला मान्य नाही असं ठणकावलं ते अरुंधती घोष यांनी. त्या तिथे देशाच्या राजदूत होत्या. त्यांचं म्हणणं पटो न पटो, निःशस्त्रीकरणाच्या टेबलावर बसण्यासाठी देश सोडावा लागत नाही, हे तर त्यावरून दिसतं. आणि आपल्याच किनाऱ्यावरचा माणूस हवा असेल तर ॲडमिरल रामदास घ्या. १९७१च्या युद्धात लढलेले, १९९० ते १९९३ नौदलाचे प्रमुख. निवृत्तीनंतर अलिबागजवळच्या गावात राहून शेती केली आणि अण्वस्त्रं नकोत, भारत-पाकिस्तानच्या माणसांनी एकमेकांशी बोलावं, हे सांगत देशभर फिरले. २००४चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्यासोबत मिळाला. २०२४ साली ते गेले. ज्यानं युद्ध पाहिलं त्याला कुणी भित्रा म्हणू शकलं नाही.

आता ‘असलं काम असतं का’ याचं उत्तर. भारत आणि पाकिस्तान यांच्यात ३१ डिसेंबर १९८८ला करार झाला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्यासाठी दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. १९९२ पासून हे चालू आहे, कारगिलनंतरही थांबलं नाही. त्याच दिवशी आणि पुन्हा १ जुलैला दुसरी यादी जाते, कैद्यांची आणि पकडलेल्या मच्छीमारांची. ती २००८च्या करारामुळे. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेली पालघरकडची पोरं पाकिस्तानात अडकली की त्यांच्या घरची माणसं या यादीकडे डोळे लावून बसतात. हे कागद आभाळातून पडले नाहीत. कुणीतरी कायदा शिकलेलं, कुणीतरी समुद्राचे नकाशे वाचणारं, कुणीतरी समोरच्याची भाषा जाणणारं माणूस महिनोन्‌महिने बसलं तेव्हा ते झाले. काम असतं ते हे. मोर्चा त्यातला एक दिवस.

यापुढचं तुमच्यासाठी नाही. पत्र तिच्या हातात द्या.

अगं, तुलाही थोडं ऐकावं लागेल. शांततेचं काम करणार हे छान, पण त्या नावाची पगारी जागा आपल्या देशात राजापूरच्या गंगेसारखी आहे. आली तर आली, किती दिवस राहील सांगता येत नाही. संस्था लहान, पैसा देणगीचा, नेमणुका दोन-तीन वर्षांच्या. संयुक्त राष्ट्रांतली नोकरी मनात असेल तर बहुधा पदव्युत्तर शिक्षण लागतं, आणि इंग्रजीखेरीज फ्रेंच, रशियन, अरबीसारखी एखादी भाषा येत असेल तर फायदा होतो. २०२४चं शांततेचं नोबेल मिळालेल्या निहोन हिदानक्योबद्दल, म्हणजे अणुबॉम्बमधून वाचलेल्या जपानी लोकांच्या संघटनेबद्दल, तू वाचलं असशीलच. ऑस्लोला भाषण केलं ते तेरुमी तनाका यांनी. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. पण पोटासाठी त्यांनी काय केलं, हे तू शोधलंस का? ते विद्यापीठात अभियांत्रिकी शिकवत होते. चळवळ आयुष्यभर केली, आणि नोकरीही.

म्हणून मी तुला विचारते, हातात कुठली विद्या घेणार? मला तुझ्यासाठी एक गोष्ट सुचते, ती जरा अनपेक्षित वाटेल: भूकंपशास्त्र. कोयनेचा १९६७चा भूकंप तुझ्या आजीला विचार, आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ती पहाट अजून आठवते. भूकंपात खडक एकमेकांवर घसरतात, जमिनीखालचा अणुस्फोट मात्र चारी बाजूंना एकदम ढकलतो. त्यामुळे दोन्हींच्या लहरी कागदावर वेगळ्या दिसतात. स्फोटात पहिली धडक जोरात, मागाहून पृष्ठभागावरून येणाऱ्या लाटा त्या मानानं दुबळ्या. एवढ्या फरकावर चोरून केलेली चाचणी पकडता येते. अणुचाचणीबंदी करारासाठी जगभर तीनशेहून जास्त केंद्रांचं जाळं उभं आहे. उत्तर कोरियानं २००६ ते २०१७ मध्ये केलेले सहाही स्फोट त्यानं टिपले. भारतानं या करारावर सही केलेली नाही, तेव्हा तिथली नोकरी गृहीत धरू नकोस. पण ही विद्या आपल्याकडेही जुनी आहे. कर्नाटकात गौरीबिदनूरला असे स्फोट ऐकणारं केंद्र १९६५ सालचं आहे. आणि स्फोट नसतील तेव्हा भूकंप असतातच. कऱ्हाडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा कोयनेच्या खडकात खोल भोकं पाडून हाच अभ्यास करते. उपाशी राहणार नाहीस.

त्यासाठी बारावीला गणित ठेवलं होतंस का, ते कळव. ठेवलं असेल तर भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी., मग भूभौतिकी. नसेल तर भूशास्त्र किंवा रसायनशास्त्र बघ. रसायनवाल्यांना वेगळी वाट आहे. हेगची रासायनिक शस्त्रबंदीची संस्था, जिला २०१३चं नोबेल मिळालं, तिचे बरेच निरीक्षक हेच शिकलेले असतात. भारतानं आपला रासायनिक शस्त्रांचा साठा २००९ पर्यंत नष्ट केला, तो अशाच लोकांच्या देखत. विज्ञान नकोच असेल तर कायदा किंवा राज्यशास्त्र, पुढे पुणे विद्यापीठातला संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग किंवा दिल्लीला जेएनयू. परराष्ट्र सेवेची यूपीएससी पदवीनंतर, ती सगळ्यांना ठाऊक आहे. आणि यातलं काही ठरायच्या आधी संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण कार्यालयाचा एक मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण कर. भाषणं ऐकताना भरून येतं, करारांची कलमं वाचताना झोप येते. तुला झोप आली नाही तर पुढचं बोलू.

भाऊ, पत्र परत तुमच्याकडे. एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. अणुयुद्धाविरुद्ध काम करणाऱ्या डॉक्टरांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिला १९८५चं शांततेचं नोबेल मिळालं. हे वाचून तुमचे डोळे चमकले असणार. ‘बघ, डॉक्टर होऊनसुद्धा तुझं काम करता येतं’ असं वाक्य ओठांवर आलंही असेल. बोलू नका. ती स्वतः त्या वाटेनं जायचं म्हणाली तर आनंद आहे. तुम्ही म्हणालात तर ती त्यातलं आमिष त्याच क्षणी ओळखेल, आणि मग डॉक्टरकीही जाईल आणि तुमचा शब्दही.

या रविवारी तिला घेऊन पडवीत बसा आणि २०११ची गोष्ट पहिल्यापासून सांगा. कोण सोबत होतं, कोण मागे फिरलं, तारखांना किती पैसे गेले, आज तुम्हाला त्याचा पश्चात्ताप आहे की नाही, सगळं. तिची आईही असू दे. पुढचं पत्र तिच्या हातचं आलं तर मी फोनही करीन. तोवर लातूरला विचारून ठेवा, हप्त्यातले किती परत मिळतात. आणि पावती कपाटात असेल तर काढून तिला दाखवा.