वाचकांचे प्रश्न : वर्गातला बिनतारी रिमोट

प्रश्न : मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या व्याख्यानगृहात दीडशे विद्यार्थी बसतात. स्लाइड बदलण्यासाठी घेतलेल्या बिनतारी रिमोटच्या खोक्यावर 30 मीटरचा पल्ला छापला आहे आणि रिकाम्या वर्गात तो अगदी शेवटच्या बाकापासूनही चालला. वर्ग भरल्यावर मात्र चौथ्या रांगेपलीकडे गेले, की बटण दाबूनही स्लाइड हलत नाही. सेल नवे आहेत. रिमोट परत करावा का? (एक प्राध्यापिका, सातारा)

उत्तर : परत करण्याची घाई करू नये. आपल्या वर्णनावरून दोष रिमोटमध्ये नसून रिसीव्हरच्या, म्हणजे रिमोटचा संदेश घेणाऱ्या, संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये लावलेल्या छोट्या तुकड्याच्या, जागेत असावा, असे वाटते. असे बहुतेक रिमोट रेडिओलहरींच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात संदेश पाठवतात. पुष्कळसे वाय-फाय आणि सगळे ब्लूटूथही याच पट्ट्यात चालते, त्यामुळे दीडशे मोबाइल खिशात घेऊन बसलेला वर्ग म्हणजे या पट्ट्यातली मोठी वर्दळ असते. त्यातच मानवी शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने या लहरी शरीरात बऱ्याच शोषल्या जातात. रिकाम्या वर्गात केलेली चाचणी भरल्या वर्गात टिकत नाही, ती या दोन कारणांनी. खोक्यावरचा पल्ला मोकळ्या जागेतला असतो.

आता रिसीव्हर कुठे लावला आहे ते पाहावे. बहुतेक व्याख्यानगृहांत संगणक पोडियमच्या खालच्या कपाटात असतो आणि रिसीव्हर त्याच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसवलेला असतो. कपाट पत्र्याचे असेल तर लहरींना वाटच उरत नाही. शिवाय यूएसबी 3.0 चे पोर्ट, ज्यांच्या आतली पट्टी बहुधा निळी असते, वापरात असताना याच पट्ट्यात स्वतःचा गोंगाट पसरवतात. त्यांच्या शेजारी लावलेल्या रिसीव्हरला रिमोटचा क्षीण संदेश ऐकू येणे अवघड होते. यावर एक-दोन मीटर लांबीची साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. ती काळ्या पोर्टमध्ये लावून रिसीव्हर पोडियमच्या माथ्यावर, विद्यार्थ्यांच्या बाजूला आणून ठेवावा.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. आपण मागच्या बाकांकडे चालत जाताना रिमोट छातीसमोर धरला, तर रिमोट आणि रिसीव्हर यांच्यामध्ये आपलेच शरीर येते. अशा वेळी हात बाजूला, शरीरापासून थोडा दूर धरून बटण दाबावे. एवढा खटाटोप करावा असे मी आग्रहाने सांगतो, कारण शिक्षक मागच्या रांगेपर्यंत गेल्यावर तिथल्या मुलांच्या वह्या आणि चेहरे दोन्ही दिसतात, आणि पोडियमला खिळलेल्या शिक्षकाला ते कधीच दिसत नाहीत.

प्रश्न : रिमोटचा लाल लेझर नव्या स्मार्ट पॅनेलवर (टीव्हीसारख्या मोठ्या पडद्यावर) दिसतच नाही. ऑनलाइन बसलेले विद्यार्थीही ‘सर, कुठे दाखवताय?’ असे विचारतात. हिरवा लेझर घ्यावा का? (एक शिक्षक, नागपूर)

उत्तर : या दोन्ही अडचणींना हिरवा लेझर पुरा पडणार नाही. प्रोजेक्टरचा पांढरा पडदा लेझरचा प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून ठिपका सर्वांना दिसतो. पॅनेलची काच तो तसा विखुरत नाही. आणि ऑनलाइन विद्यार्थ्यांकडे संगणकातले चित्र जाते, भिंतीवरचा ठिपका त्या चित्रात नसतोच. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना कंट्रोल कळ दाबून माऊसचे डावे बटण धरून ठेवले, की बाणाच्या जागी लेझरसारखा ठिपका येतो आणि तो दोन्हीकडे दिसतो. मात्र त्यासाठी माऊसजवळ थांबावे लागते. म्हणून जे दाखवायचे ते आधीच ठाऊक असेल, तर स्लाइडवरच बाण किंवा वर्तुळ काढून ठेवावे, हे मला सर्वांत उत्तम वाटते.

प्रोजेक्टरच्या पडद्यासाठी मात्र हिरवा लेझर खरोखर उजवा आहे. आपला डोळा उजेडात 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या, म्हणजे हिरव्या, प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. नेहमीचा हिरवा लेझर 532 चा आणि लाल साधारण 650 चा असल्याने तेवढ्याच शक्तीचा हिरवा ठिपका कितीतरी ठळक दिसतो. ज्यांना लाल रंग मंद दिसतो अशा विद्यार्थ्यांचीही त्यामुळे सोय होते. घेताना ‘क्लास 2’ असा शिक्का, म्हणजे 1 मिलिवॉटची मर्यादा, पाहूनच घ्यावे आणि किरण वर्गाच्या दिशेने कधीही फिरवू नये. शिक्का नसलेला स्वस्त लेझर मुलांच्या वर्गात आणूच नये.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या आमच्या शाळेत पॉवरपॉइंट नाही, लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यावर रिमोट चालेल का? एका परिचिताच्या रिमोटने मध्येच पडदा काळा झाला होता. (एक शिक्षिका, नंदुरबार)

उत्तर : चालेल. संगणकाच्या दृष्टीने हा रिमोट म्हणजे चार-पाच कळांचा कीबोर्ड असतो. पुढचे बटण ‘पेज डाउन’ची कळ पाठवते, मागचे ‘पेज अप’ची, आणि इम्प्रेस, म्हणजे लिब्रेऑफिसमधला स्लाइड दाखवणारा प्रोग्राम, या दोन्ही कळा ओळखतो. पडदा काळा करणारे बटण ‘बी’ अक्षराची किंवा पूर्णविरामाची कळ पाठवते. तेच पुन्हा दाबले की स्लाइड परत येते. मुलांनी पडद्याऐवजी आपल्याकडे पाहावे असे वाटेल तेव्हा हे बटण मुद्दाम वापरून पाहा, फार उपयोगी आहे.

कीबोर्डच असल्यामुळे, मध्येच एखादी सूचनेची चौकट उघडली तर कळ स्लाइडकडे न जाता त्या चौकटीकडे जाते. ती बंद करून स्लाइडवर एकदा क्लिक केले की काम सुरळीत होते. रिसीव्हर मात्र जपावा. तो त्या रिमोटशी जोडलेला असतो, आणि दिसायला तसाच असलेला दुसरा रिसीव्हर बहुधा चालत नाही. तास संपताच तो रिमोटच्या खाचेत परत ठेवावा, आणि शाळेत दोन-तीन रिमोट असतील तर प्रत्येक जोडीवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावावी.