नोकरी सांभाळून एम.कॉम. झेपेल का? एका अकाउंटंट ताईंची केस

"मॅडम, बी.कॉम. होऊन बारा वर्षं झाली, आता पुस्तक उघडलं की झोप येते, मला झेपेल का हो?" माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या, अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या बायका हे खूपदा विचारतात, म्हणून वैशालीची (नाव बदललंय) केस जरा सविस्तर सांगते.

वय ३४, इचलकरंजीत एका सीएंच्या ऑफिसात नोकरी, मुलगा पाचवीत. इग्नूच्या (घरी राहून शिकता येतं ते इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ) एम.कॉम.चा फॉर्म मोबाईलवर अर्धा भरलेला आणि पुढे जायचं धाडस होत नव्हतं.

मी आधी विचारलं, कशासाठी करायचंय? ऑडिटवर सही करायची असेल तर एम.कॉम. उपयोगाचं नाही, ती सही सीएच करतो. तिला मात्र कॉलेजात शिकवायचं होतं. मग सरळ सांगितलं, सिनियर कॉलेजसाठी ओपनला एम.कॉम.ला ५५ टक्के आणि वर नेट किंवा सेट ही प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा, ज्युनियरला बी.एड. पण लागतं. इग्नूत ४० ला पास होता येतं पण तू ५५ च्या वरचंच डोक्यात ठेव. "डिस्टन्सची डिग्री चालते का" ही भीती पण होतीच, तर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यता असलेल्या विद्यापीठाची डिस्टन्स किंवा ऑनलाइन डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची. फक्त त्या वर्षी त्या कोर्सला मान्यता आहे ना, हे यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर स्वतः बघून घ्यायचं.

मग वेळ. तिनं रोज पहाटे ४ ला उठून दोन तास अभ्यास असं टाइमटेबल आणलेलं, ते मी बाजूला ठेवायला लावलं आणि ऑफिसचं कॅलेंडर काढलं. ७ तारखेला टीडीएस म्हणजे कापलेला टॅक्स भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्न, म्हणजे अभ्यासाचे दिवस २१ पासून पुढच्या ५ पर्यंत. जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबर हे रिटर्न आणि ऑडिटच्या गर्दीचे महिने धरायचेच नाहीत. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात, कोर्स कमीत कमी २ वर्षं पण जास्तीत जास्त ४ वर्षांत पुरा करता येतो, मग सगळे पेपर एकदम द्यायचा हट्ट कशाला? असाइनमेंटला ३० टक्के वेटेज आहे, त्या मात्र वेळेत आणि मनापासून लिहायच्या, नोकरी करणाऱ्यांचे मार्क तिथेच वाचतात.

आणि "सगळं विसरले" म्हणत होती ना, त्यावर मी डेप्रिसिएशनचं (मालमत्तेची दरवर्षी धरायची घट) विचारलं. कंपनीज ॲक्टप्रमाणे ॲसेटच्या आयुष्यावर आणि इन्कम टॅक्सला ब्लॉकप्रमाणे म्हणजे सारख्या ॲसेटच्या गटावर, दोन्ही तिला तोंडपाठ. पण दोन्हीत फरक का ठेवलाय आणि त्यातून डिफर्ड टॅक्स (या फरकामुळे पुढच्या वर्षांवर जाणारा टॅक्स) कसा येतो म्हटलं तर गप्प, "ते मी मागच्या वर्षीची शीट बघून करते". मला इथेच खरं उत्तर सापडलं. ताईंना काम येतं, त्यामागचं कारण लिहायची सवय गेलीय, आणि मास्टर्सच्या पेपरात कारणच विचारतात. वयाचा काही संबंध नाही. म्हणून ऑफिसात केलेल्या एखाद्या एंट्रीवर घरी हाताने अर्धं पान लिहायचं, असं का केलं, एवढंच.

सगळ्यात अवघड गोष्ट घरची निघाली. तिनं घरात कुणाला सांगितलंच नव्हतं, "त्यांना त्रास नको". पुढच्या वेळी मिस्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "मला वाटलं हिला नकोच असेल, कधी विषयच काढला नाही". तिथेच ठरलं, महिनाअखेरच्या संध्याकाळी मुलाचा होमवर्क ते बघणार, आणि परीक्षेच्या दिवसांत डबा बाहेरून. सासूबाईंना सांगायचं कामही त्यांनीच घेतलं, हे मला फार आवडलं, कारण सुनेनं परवानगी मागणं आणि मुलानं निर्णय सांगणं यात घरात खूप फरक पडतो, आपण कितीही नाही म्हटलं तरी.

आता तिचे पहिल्या वर्षाचे बरेचसे पेपर सुटलेत, मॅनेजरियल अकाउंटिंगचा ठेवलाय डिसेंबरला. परवा फोनवर विचारत होती, सेटचा फॉर्म शेवटच्या वर्षात असतानाच भरता येतो का. येतो, फक्त एम.कॉम. नंतर ठरलेल्या मुदतीत आणि लागतील तेवढ्या टक्क्यांनी पूर्ण करावं लागतं.