डिकीत जनरेटर बसवायचाय, चालेल का?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही कराडचे. मागच्या वर्षी 2009 ची टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आधी ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची. सीटा काढून मागं दोन बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी असं सगळं मिस्टरांनी हळूहळू करून घेतलंय. आषाढीला लोणंदपासून आम्ही माऊलींच्या पालखीबरोबर असतो, सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे, जमेल तेवढं चालतात आणि रात्री गाडीतच झोपतात. त्यांच्यासाठी एक टनाचा जुना विंडो एसी लावायचाय, घरात पडूनच आहे. ओळखीचा फॅब्रिकेशनवाला म्हणतो डिकीत 3 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर फिट करून देतो, सायलेन्सरचा पाईप फ्लोअरला भोक पाडून खाली काढतो, आवाज पण येणार नाही. चालेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, डिकीत नको. बाकीचं सगळं पुढं सांगतो पण हे आधी, कारण तुमची माणसं त्याच गाडीत झोपणार आहेत.

पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला ना वास ना रंग. आपल्याला जो वास येतो तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा, त्यामुळं वास नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे माणूस श्वास घेत असतो पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. जागा माणूस असेल तर डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, अंगातलं त्राण जातं, मग तो उठून बाहेर तरी येईल. झोपलेल्या माणसाला यातलं काही कळतच नाही, आणि वयस्कर माणसं, त्यात कुणाला हृदयाचा त्रास असला तर वेळ अजूनच कमी मिळतो.

आता तुमच्या गाडीचं बघा. 2009 ची गाडी म्हणजे मागच्या दाराचं रबर कडक होऊन चिरलेलं असणार, गियर लिव्हरच्या बुडाचं कव्हर फाटलेलं असतं, वायरिंग जिथनं आत येतं तिथले रबरी बुच गळून पडलेले असतात, आणि फ्लोअरचा पत्रा मॅटखाली कुठं कुजलाय ते मॅट उचलल्याशिवाय कळत नाही, शाळेच्या गाडीत तर पावसाळ्यात पोरांच्या चपलांचं पाणी वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. पाईप खाली काढला तरी धूर गाडीच्या पोटाखाली साठतो आणि या सगळ्या भोकांतून वर येतो. वाऱ्याची दिशा बदलली की अजून वाईट.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी आम्ही बामणोलीला कोयनेच्या पाण्याकाठी मुक्कामाला होतो, जनरेटर बाहेरच ठेवला होता, पण पाऊस आला म्हणून मी तो ओढून मागच्या दाराजवळ ताडपत्रीखाली घेतला. दार बंद, काचा बंद. तासा-दीड तासात बायकोचं डोकं ठणकायला लागलं आणि मुलीला उलटी झाली, आम्हाला वाटलं घाटातली वळणं बाधली असतील. मी दार उघडून खाली उतरलो आणि माझेच पाय लटपटले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सगळ्यांना पावसात बाहेर काढलं. त्या रात्री तिघंही झोपलेलो असतो तर... अजून आठवलं की हात गार पडतात. म्हणून तुमचं पत्र वाचून मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

बरं, आता एसीचं. जुना एक टनाचा विंडो एसी चालताना 1100-1200 वॅट घेतो पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो, त्यामुळंच तो माणूस 3 केव्हीए म्हणतोय, त्यात त्याची चूक नाही. पण रात्रभर एसी म्हणजे रात्रभर जनरेटर, पाच-सहा लिटर पेट्रोल सहज, आणि टाकी तेवढी नसली तर मध्यरात्री कुणीतरी उठून तापलेल्या इंजिनावर कॅनमधून पेट्रोल ओतणार. ते तर कधीच करायचं नाही, बंद करून किमान पंधरा मिनिटं गार होऊ द्यायचं. शिवाय रात्री 10 ते सकाळी 6 रहिवासी भागात 45 डेसिबलची मर्यादा आहे आणि पालखीतळावर तुमच्या गाडीला लागून दुसऱ्या दिंडीचा तंबू असतो. तुमचा धूर त्यांच्या तंबूत जाईल ताई. तुम्ही आत काचा लावून झोपाल, ती माणसं जमिनीवर धुराच्या तोंडाशी झोपलेली असतील.

आणि मनापासून विचारतो, आषाढात तरडगाव-फलटणला रात्री एसी लागतो का? दमट असतं हे खरं, पण हवा खेळती असली की झोप लागते. जाळी लावलेल्या दोन खिडक्या, टपाच्या आतून चांगलं इन्सुलेशन, आणि 12 व्होल्टचे दोन पंखे. माझं मत एसीचे पैसे इकडं घाला.

हिशोब मांडून बघू. 25 वॅटचे दोन पंखे आठ तास म्हणजे 400 वॅटअवर, एलईडी लाईट 80, चार मोबाईल 60, औषधं आणि दुधासाठी 12 व्होल्टचा छोटा फ्रीज दिवसभरात 540 च्या आसपास, मिक्सर दहा मिनिटं 80. सगळं मिळून साधारण 1.2 युनिट (एक युनिट म्हणजे 1000 वॅटअवर). 12.8 व्होल्ट 200 एएचची (अँपिअर-अवर, व्होल्टने गुणलं की वॅटअवर) लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली तर तिच्यात अडीच युनिट मावतात, म्हणजे दोन दिवस काही न करता निघतात. साधी ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशी ॲसिडची बॅटरी घेणार असाल तर निम्मीच वापरायला मिळते असं धरून चाला, वजन पण जास्त.

चार्जिंगला टपावर 400 वॅटचे पॅनल लावले तर उन्हाळ्यात दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास मिळतं पण आषाढाच्या ढगात त्याच्या निम्म्याचीसुद्धा खात्री धरू नका. गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) 40 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावा, दोन तास गाडी चालली की एक युनिट आत. मधे चार्जर न घालता लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडू नका, ती एवढा करंट मागते की जुना अल्टरनेटर तापून जळतो.

आणि मग जनरेटर, हो, तो घ्याच, पण छोटा, 1 केव्हीएचा इन्व्हर्टर टाईप, हाताने उचलता येईल असा. दिंडीच्या गाड्या पुढच्या मुक्कामाला दुपारीच पोचतात, तेव्हा तळ मोकळा असतो, माणसं अजून वाटेवर असतात. तेव्हा जनरेटर खाली उतरवायचा, गाडीपासून आणि कुठल्याही तंबूपासून 20 फूट लांब, धुराचं तोंड पलीकडं, दोन तास चालवून त्यावर बॅटरी चार्ज करायची आणि संध्याकाळी सगळे यायच्या आत बंद. रात्री बॅटरी, आवाज नाही धूर नाही.

एवढं सांगूनही मिस्टरांना फिक्सच बसवायचा असेल तर तो डिकीचा जनरेटर नकोच, गाडीत बसवण्यासाठी बनवलेला घ्यावा लागतो. त्याची पेटी पूर्ण पत्र्याची, राहत्या भागाकडून हवाबंद, दार फक्त बाहेरून उघडणारं. बूड प्लायवर नाही तर चासीच्या क्रॉस मेंबरवर (आडव्या लोखंडी पट्टीवर), मधे रबर माऊंट, आणि क्रॉस मेंबर आधी तारेच्या ब्रशने घासून बघा, गंजून पापुद्रे निघत असतील तर तिथं वजन टांगू नका. इंजिनला गार हवा घ्यायला आणि गरम हवा सोडायला वेगवेगळे रस्ते पाहिजेत, नाहीतर अर्ध्या तासात तापून बंद पडणार. सायलेन्सरचा पाईप बॉडीच्या कडेच्या बाहेरपर्यंत, पोटाखाली संपवायचा नाही, खिडकीखाली तर नाहीच. गॅस सिलेंडर त्याच्या शेजारी ठेवू नका, एलपीजी आणि पेट्रोलची वाफ दोन्ही हवेपेक्षा जड, खाली साठून राहतात आणि एक ठिणगी पुरते. आणि त्या गाडीतही जनरेटर चालू असताना आत झोपू नये असं माझं ठाम मत आहे.

काहीही ठरवा, कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म उशीच्या उंचीला लावाच, ऑनलाईन मिळतो. महिन्याला टेस्ट बटण दाबायचं आणि त्यावर लिहिलेली मुदत संपली की बदलायचा, त्यातला सेन्सर कायमचा नसतो.

कागदाचं थोडक्यात : मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी विसंगत होईल असा बदल परस्पर करता येत नाही, सीटा काढल्यात म्हणजे तो प्रश्न तुमच्यापुढं आत्ताच आहे. आरटीओत जाऊन नोंद करून घ्या आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा.

प्रश्न : दादा, आमच्या व्हॅनचा जनरेटर एरवी घरी पडून असतो. लाईट गेली की दोन्ही बाजूला पिन असलेली वायर करून तो घरातल्या सॉकेटला लावतो, सगळं घर चालतं. भाऊ म्हणतो असं करू नको. – विटा

उत्तर : भावाचं ऐका, आजच ती वायर कापून टाका. एक तर तिची मोकळी पिन हाताला लागली तर 230 व्होल्ट. दुसरं, मेन स्विच बंद करायचं एकदा जरी विसरला तर तुमची वीज उलटी रस्त्यावरच्या लाईनवर जाते, आणि ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो, तिकडं ती 11,000 व्होल्ट होऊ शकते. पावसात खांबावर चढलेला वायरमन लाईन बंद आहे असं समजून काम करत असतो, त्याच्याही घरी पोरंबाळं वाट बघत असतात. आणि लाईट परत आली की जनरेटर जळणार ते वेगळं. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, एका वेळी एकच बाजू जोडली जाते. व्हॅनमध्ये पण तेच, बाहेरची लाईट, इन्व्हर्टर आणि जनरेटर एकमेकांना कधी भेटता कामा नयेत, आणि पुढं 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) हवी. फक्त बऱ्याच छोट्या जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो आणि मग आरसीसीबी नुसती शोभेची राहते, तेवढं इलेक्ट्रिशियनला आवर्जून तपासायला सांगा.

प्रश्न : जुन्या मॅटाडोरची कॅम्पर केलीये, 2 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आहे. सांगलीत 1600 वॅटवर इंडक्शन आरामात चालतं, महाबळेश्वरला तेच लावलं की जनरेटर गुदमरतो, काळा धूर येतो, दोनदा स्पार्क प्लग बदलला. खराब झालाय का? – मिरज

उत्तर : खराब नाही झाला, उंचीवर हवा विरळ असते. अंदाज असा की दर 300 मीटरला साधारण साडेतीन टक्के ताकद जाते. सांगली 550 मीटरवर, महाबळेश्वर 1350 च्या आसपास, म्हणजे तिथं एकूण जवळपास 16 टक्के गेली. तुमचा जनरेटर 1800 वॅट देणारा असला तर वर 1510 च्या आसपासच उरले, मग 1600 चं इंडक्शन कसं ओढणार. काळा धूर म्हणजे हवा कमी पडून पेट्रोल जास्त जातंय, प्लग त्यानंच काळा होतो, आणि अशा वेळी कार्बन मोनॉक्साईड पण जास्त निघतो, म्हणून वरती थंडी वाजते म्हणून जनरेटर दाराजवळ घेऊ नका, वरचं कराडच्या ताईंचं उत्तर वाचा. इंडक्शन 1200 वर ठेवा, भात पाच मिनिटं उशिरा होईल. एअर फिल्टर धुऊन वाळवून घाला. वर महिना-दोन महिने राहणार असाल तरच मेकॅनिककडून उंचीचं छोटं जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) टाकून घ्या, पण खाली उतरलात की परत जुनं बसवा नाहीतर पेट्रोल कमी पडून इंजिन तापेल. आणि सीझन संपला की कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवा, आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला पाणी सुटतं आणि पावसाळाभर तसंच राहिलं की पुढच्या खेपेला दोरी ओढून खांदा दुखेल पण जनरेटर सुरू व्हायचा नाही.